आठ दिवस ओडिशा, आठ दिवस आंजी

सहलीचा अहवाल मी चौदा पानांचा लिहिला. संस्थेला तो फार आवडला. त्यात जेवण 'रुचकर' आहे, मुलं 'शिस्तप्रिय' आहेत आणि सरोवर 'विस्तीर्ण' आहे. पण अहवालात जे बसत नाही त्याचं काय करायचं? ते स्टाफरूममध्ये साचत जातं. एकानं एक किस्सा सांगितला की दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि चहा थंड होतो.

आमची शाळा नागपूरकडच्या आंजी गावाच्या थोडी पुढे. मी तिथे अकरावी-बारावीला मराठी शिकवते. मागच्या वर्षी आमची जोडी ओडिशातल्या एका सरोवराकाठच्या शाळेशी जुळली. आधी आमच्या मुलांनी आठ दिवस तिकडे जायचं, मग त्यांच्या मुलांनी आठ दिवस इकडे यायचं, आणि दोघांनी एकमेकांवर फिल्म करायची. त्यासाठी आलेल्या पत्रात लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांनी डिजिटल माध्यमांद्वारे सांस्कृतिक अनुभवांचे दस्तऐवजीकरण करावे.'

हेडसरांनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग म्हणाले, "म्हणजे शूटिंग."

आणि माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, तुमचा फोन नवा आहे ना?"

अशी मी डिजिटल माध्यम प्रमुख झाले.

*

कॅमेऱ्यासाठी वैभव ठरला. हा रोहणा गावचा. त्याचा मामा लग्नाचं शूटिंग करतो आणि सीझनमध्ये वैभव त्याच्या हाताखाली असतो, म्हणजे अनुभवी माणूस. सराव म्हणून त्याला शाळेच्या झेंडावंदनाची दोन मिनिटांची फिल्म करायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी त्यानं ती ऑफिसात लावली. सनई वाजली. गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. पाकळ्यांमधून दोन लाल बदाम तरंगत आले. डावीकडच्या बदामात हेडसर झेंड्याला सलामी देत होते. उजवीकडचा बदाम रिकामा होता.

हेडसर शेवटपर्यंत बघत राहिले. मग शांतपणे विचारलं, "दुसऱ्यात कोण आहे?"

"कोनी नाई सर. टेम्प्लेट दोघाचं हाये."

हेडसरांनी जरा विचार केला.

"मग त्यात शाळेची इमारत टाक."

*

प्रश्न विचारायचं काम पल्लवीकडे होतं. त्यासाठी निवड करावीच लागली नाही. वर्गात सगळे गप्प असले तरी पल्लवीचा आवाज येतोच. हजेरीलाही ती नुसतं "हजर" म्हणत नाही, कालच्या गैरहजेरीचं कारण सोबत सांगते.

रेल्वेत चढल्या चढल्या तिनं माईक काढला. आमच्या डब्यात एकही प्रवासी तिच्या तावडीतून सुटला नाही. एक आजोबा वरच्या बर्थवर झोपले होते, त्यांना तिनं हलवून उठवलं आणि विचारलं, "आजोबा, झोप कशी लागली?"

रायपूरच्या अलीकडे टीसी आले. पल्लवीनं माईक पुढे केला.

"सर, इतने लोगों का टिकट देख के आपको कैसा लगता है?"

टीसींनी माईककडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"तुम्हारा देखूँगा तब बताऊँगा."

तिकीट तिच्या बॅगेत, बॅग बर्थखाली, बर्थवर आजोबा बसलेले. ते सगळं होईपर्यंत टीसी उभे राहिले, तिकीट पाहिलं आणि माईकमध्ये वाकून म्हणाले, "अच्छा लगा."

आमच्या फिल्ममधली सगळ्यात नेमकी मुलाखत ती हीच.

*

स्टेशनवर घ्यायला तिथले बेहेरा सर आले होते. सरळ माणूस. आम्हाला बरं वाटावं म्हणून त्यांनी फोनवरून मराठी शिकून ठेवली होती. हात जोडून, एकेक अक्षर सुटं करत म्हणाले, "सुस्वागतम! आपणा सर्वांचा प्रवास सुखकर झाला असावा, अशी आशा करतो!"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

वैभव माझ्या कानाशी आला. "मॅडम, हे सर पुन्याचे हाये का?"

*

तिसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या मुलांनी मिळून एक मोठा तक्ता करायचा होता. डाव्या बाजूला उडिया शब्द, उजव्या बाजूला मराठी. तक्ता होताना त्याचंही शूटिंग. आमच्याकडून शब्द सांगायचं काम मी रोशनीला दिलं. रोशनी मडावी, अक्षर मोत्यासारखं, बोलणं कमी. घरी गोंडी बोलतात, शाळेत मराठी.

मी चहा घेऊन परत आले तोवर तक्ता पूर्ण होऊन भिंतीवर लागलाही होता. रंगीत, सुरेख, भोवती वेलबुट्टी. वर ठळक 'मराठी', आणि खाली पाण्यापुढे लिहिलं होतं, 'येर'.

खाली सरकत गेले. दहातले सहा शब्द गोंडी होते.

मी रोशनीला बाजूला घेतलं. "अगं, हे मराठी कुठंय?"

"मॅडम, त्या पोरीनं इचारलं, तुमच्याकडं पान्याले काय म्हन्ते. आमच्याकडं येरच म्हन्ते."

मी तक्त्याकडे बघितलं. बेहेरा सर त्यापुढे उभे राहून पाठ करत होते. जाताना बाटली उचलून त्यांनी मला अगत्यानं विचारलं, "मॅडम, येर?"

मी म्हटलं, "हो, द्या."

तक्ता अजून तिथेच आहे.

*

तिकडे शिजलेला भात पाण्यात भिजत ठेवतात आणि आंबूस झाला की दुसऱ्या दिवशी कांदा, मिरची, तळलेली मासळी घेऊन खातात. त्याला पखाळ म्हणतात. वैभव ज्या घरी उतरला होता, तिथल्या काकूंनी मोठा वाडगा भरून पुढे ठेवला. पल्लवीनं कॅमेरा धरला. 'पहिला घास आणि चेहऱ्यावरचा भाव' असा शॉट होता.

पहिल्या घासाला भाव चुकला. वैभवनं स्वतःच पाहून सांगितलं, "जमलं नाई. पुन्हा." अर्धा वाडगा पहिला घास कसा वाटणार? म्हणून त्यानं तो संपवला आणि नवा मागितला. काकूंनी हसून दिला. दुसऱ्यांदा मागून कोंबडी गेली. तिसऱ्यांदा पल्लवी बोलली. चौथ्यांदा त्यालाच शिंक आली.

सहाव्या वाडग्याला काकूंनी शेजारणींना बोलावून आणलं. अंगणात सात-आठ बायका उभ्या राहून बघत होत्या. महाराष्ट्रातला मुलगा पखाळ खातोय तर खातोच आहे!

सातव्याला भाव एकदम बरोबर आला. डोळे अर्धे मिटलेले, चेहऱ्यावर गाढ समाधान. शॉट कापायची वेळ आली तरी भाव काही हलेना. तेव्हा कळलं, वैभव झोपला होता.

उरलेले सगळे दिवस काकूंनी त्याला सकाळ-संध्याकाळ दुसरं काही वाढलं नाही.

*

हेडसर सहलीला आले नव्हते, पण रोज त्यांचा फोन असे. सूचना एकच. "शॉट कोणताही असो, बॅनर दिसलं पाहिजे." बॅनर दहा फुटी. त्यावर शाळेचं नाव, संस्थेचं नाव आणि हेडसरांचा फोटो. आम्ही ते देवळापुढे धरलं, भाताच्या शेतात धरलं, एका म्हशीच्या मागे धरलं.

सहाव्या दिवशी नावेतून सरोवरात गेलो. मधोमध पोचल्यावर वैभव म्हणाला, "मॅडम, इथं पायजे." दोघांनी दोन टोकं धरून बॅनर उघडलं. वाऱ्यानं ते एका झटक्यात शिडासारखं फुगलं, हातातून सुटलं, थोडं उडालं आणि पाण्यात बुडालं.

पल्लवीनं पहिल्यांदाच माईक बंद केला.

आमचा नावाडी वयस्क माणूस. त्यानं लांबच्या एका नावेला हाक मारली. त्या नावेतल्या कोळ्यानं येऊन दोनदा जाळं फेकलं. पहिल्यांदा शेवाळ आलं. दुसऱ्यांदा जाळं जड लागलं. दोघं मिळून ओढायला लागले, आणि पाण्यातून हळूहळू हेडसर वर आले. कपाळावर एक झिंगा होता.

वैभवनं सगळं शूट केलं होतं. ते पाठवावं की नाही यावर आम्ही तासभर खल केला. शेवटी मी डोळे मिटून पाठवलं.

दहा मिनिटांनी उत्तर आलं. 'उत्तम. यात बॅनर सर्वांत स्पष्ट दिसते.'

*

जानेवारीत ओडिशाची मुलं आमच्याकडे आली. मी त्यांच्यासाठी वेळापत्रक काढलं होतं. आश्रम, नदी, टेकडी, सूतकताई, सगळं. मुलं गेली, पाहिलं, हात जोडले. पण कॅमेरे मात्र ती भलतीकडेच काढायची. एकीनं अर्धी सकाळ कापसाच्या गाडीमागे घालवली. दुसऱ्यानं आमच्या शिपायाला घंटा वाजवायला लावलं. अकरा वेळा! त्या दिवशी तिसरा तास सात मिनिटांचा झाला.

बिकाश नावाचा मुलगा आणि त्याचा एक मित्र पल्लवीच्या घरी उतरले होते. तिचे वडील गजाननराव वांगी, टमाटर आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावतात आणि आसपासच्या बाजारात विकतात. कमालीचा अबोल माणूस. पालकसभेला येतात, शेवटच्या बाकावर बसतात, सही करतात, जातात. पल्लवीची आईही तशीच. त्या घरात ही पोरगी कुठून आली, हा स्टाफरूममध्ये नेहमीचा विषय. पोरांना मी म्हटलं, "दुसऱ्या कोणाचा इंटरव्ह्यू घ्या रे. ते काका बोलत नाहीत." बिकाशला मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम. त्यानं मान हलवली.

त्यांची फिल्म मे महिन्यात आली. बारावीच्या मार्कशीट वाटायच्या दिवशी सगळे पालक येणार होते, तेव्हाच ती हॉलमध्ये लावायचं ठरलं. पडदे ओढले. गजाननराव आणि पल्लवीची आई चौथ्या रांगेत होते. पल्लवी त्यांच्या पुढच्या रांगेत. तिला नागपूरला शिकायला जायचं होतं, घरून नकार होता, आणि आठवडाभर ती ज्याला त्याला हेच सांगत होती.

शिपाई घंटा वाजवताना दिसला, टाळ्या पडल्या. कापूस दिसला. मग वांग्याचं वावर आलं. खाली अक्षरं उमटली, 'बैंगन की खेती : एक अनुभवी किसान की सलाह'. वावरात गजाननराव उकिडवे बसलेले. हातात एक वांगं.

"काका, बैंगन," मागून बिकाशचा आवाज. "बोलिए."

गजाननरावांनी वांगं उलटंपालटं करून पाहिलं.

"सांगतो ना. तुले काई समजत नाई, तं तुले सांगाले हरकत नाई. माही पोरगी हाये ना, तुमच्याइकडं आलती थे. तिले नागपूरले जाचं हाये. मी नाई म्हनलं. तिले वाटते, बाप लोकाईले भेते."

"हां काका."

"लोकाईचं काई नाई बावा. मले बोलता येत नाई. तिची माय बी तशीच. घरात बोलनारी थे एकटीच हाये. सांजच्यानं थे बोलते, आमी आयकतो. थे गेली तं आमी दोघं काय एकामेकाच्या तोंडाकडं पाहात बसाव?"

"हां हां काका. और पानी?"

"पानी? पानी आठ दिवसाआड."

शॉट बदलला. पडद्यावर बैलगाडी आली.

पल्लवीच्या आईनं पदर सारखा केला. गजाननराव बैलगाडी बघत होते. पल्लवीनं मागे वळून पाहिलं नाही. तिची मान तेवढी खाली गेली होती.

फिल्म संपली. दिवे लागले. हेडसर उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "शेतीविषयक... चांगली माहिती मिळाली."

सोमवारी पल्लवी नागपूरच्या कॉलेजचा फॉर्म घेऊन शाळेचा शिक्का मारायला आली. पालकाच्या जागी सही होती. मी शिक्का मारला. शिक्का वाळेपर्यंत उभी राहिली आणि गेली.

त्याच आठवड्यात मी बाजारात गेले होते. गजाननराव वांगी, टमाटर मांडून बसले होते. मला पाहिल्यावर ते चक्क उभे राहिले. मला वाटलं, आता फिल्मवरून ऐकावं लागणार.

"मॅडम, एक इचारू का जी?"

"विचारा ना."

"त्या पोट्ट्याईले मी वांग्याचं सारं सांगतलं होतं. रोपापासून फवारनीवरी. चांगला अर्धा घंटा."

"हो का?"

"मंग थे कापलं काऊन?"