पाटीवरचे रिकामे चौकोन

माझ्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल मी कधी चांगलं बोललेले नाही, आणि आता वय झालं म्हणून सुरुवात करणार नाही. माणूस कामाला वाघ आहे हे कबूल करते, कारण ते सगळा बाजार कबूल करतो. बाकीच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायचा नाही, आणि बसलीच तर नाक कापून घेईल पण माशीला माफ करणार नाही, अशी जात.

आमचं दुकान पाट्यांचं. दारावरच्या नावाच्या, डॉक्टर-वकिलांच्या, साहेबांच्या टेबलावरच्या. पुढे गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या, मग भावोजींचं टेबल आणि कॉम्प्युटर, त्याच्यामागे कोरायचं मशीन आणि सगळ्यात मागे खिडकीपाशी मी. मशीननं कोरलेल्या अक्षरांत रंग भरायचा, वाळला की वर सांडलेला पुसायचा, पितळ घासून चमकवायचं, हे माझं काम. माझा नवरा गेला तेव्हा ताईनं मला इथं आणून बसवलं. भावोजी "बसू दे" एवढंच म्हणाले. त्या दोन शब्दांसाठी मी जन्मभर मान खाली घालून राहीन अशी त्यांची समजूत होती. ती मी पहिल्याच आठवड्यात दूर केली.

दुकानाचे दोन नियम होते, भावोजींच्या वडिलांपासून चालत आलेले. पहिला, गिऱ्हाइकानं दिलेल्या मजकुरात आपण काडीचा फरक करायचा नाही. दुसरा, कोरण्याआधी नाव गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि तो "बरोबर" म्हणाल्याशिवाय पितळाला हत्यार लावायचं नाही. कागदावर चुकलं तर खोडता येतं, पितळावर चुकलं की पाटी भंगारात. गिऱ्हाईक लांबचं असलं तर भावोजी फोन लावायचे आणि घसा साफ करून म्हणायचे, "पाटीवाले बोलतोय. नाव वाचून दाखवतो, नीट ऐका." एरवी घरच्यांशी वसकन बोलणारा माणूस तेवढ्या वेळापुरता शाळामास्तरासारखा स्वच्छ बोलायचा.

आधी ते हातानंच कोरायचे, बारीक छिन्नीनं. अक्षराचं वळण एकच, वडिलांनी हात धरून शिकवलेलं. मग मशीन आलं, मशीनबरोबर कॉम्प्युटर आला, आणि कॉम्प्युटरच्या पोटात कंपनीनं न मागता भरून दिलेले फॉन्ट आले. किती ते विचारू नका. यादी खाली सरकवत बसलं तर चहा गार व्हायचा. जाडे, लुकडे, झोकांड्या खाणारे, वेलबुट्टीवाले. गिऱ्हाईक शेजारी बसायचं, यादी बघायचं आणि चेकाळायचं. एका दातांच्या डॉक्टरला तर रक्त ओघळल्यासारखी अक्षरं पसंत पडली. भावोजींनी त्याला दुसरीकडे जा म्हणून सांगितलं.

त्यांचा राग अगदीच निराधार नव्हता. केसाएवढ्या बारीक रेषा मशीनला जमत नाहीत आणि जमल्या तरी त्यांत रंग थांबत नाही, हे माझ्यापेक्षा जास्त कोण सांगणार! पण भावोजींच्या रागाला तेवढं कारण पुरेसं नसतं. त्यांना ते फॉन्ट न बोलावता मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांसारखे वाटायचे. "माझं मशीन, माझी जागा, आणि ह्यांना आत कोणी घेतलं?" असं म्हणत ते रोज सकाळी दुकान उघडलं की आधी दोन-चार फॉन्ट काढायचे. कॉम्प्युटर विचारायचा, नक्की काढायचा का? भावोजी पडद्यावर ओरडायचे, "नक्की! एकदा सांगितलेलं कळत नाही?" एखादा निघायचा नाही. तो वापरात आहे असं उत्तर यायचं. "कोण वापरतंय? मी तर नाही!" मग कधीतरी कॉम्प्युटर स्वतःहून नवा माल उतरवून घ्यायचा आणि काढलेले सगळे फॉन्ट पुन्हा हजर. त्या दिवशी आम्ही सगळे जीव मुठीत धरून असायचो.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा भला माणूस होता. तो म्हणाला, "काका, काढता कशाला? नुसते बंद करून ठेवा. यादीत दिसणार नाहीत, आणि कधी लागले तर परत चालू करता येतील."

"माझ्याकडे बंद करून ठेवणं वगैरे नाही," भावोजी म्हणाले. "जायचं तर जायचं."

"मग निदान एक कॉपी तरी बाजूला काढून ठेवू."

"तेही नको."

जायचं तर जायचं, हे मी आधी ऐकलं होतं. भाचीनं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, ऑफिसातल्या एकाशी लग्न ठरवलं तेव्हा. मुलगा सालस, नोकरी चांगली, पण भाषा वेगळी, लिपी वेगळी. भावोजींनी ते घरात ऐकून घेतलं, ताट बाजूला सारलं आणि तेवढेच शब्द बोलले. पोरगी बापाच्याच वळणावर गेलेली. तिनं बॅग भरली आणि गेली. त्यानंतर भावोजींनी जावयाचं नाव कधी उच्चारलं नाही. बोलायची वेळ आलीच तर "तो माणूस". ताईनं नवऱ्यापुढे खूप डोकं आपटलं, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन ह्या माणसानं काय करावं? कॉम्प्युटरमधल्या परक्या लिप्यांचे सगळे फॉन्ट काढायला घेतले. जावयाची लिपी पहिली गेली. मग शेजारच्या, मग लांबच्या. "ह्यांच्या पाट्या करायला माझ्याकडे कोण मरायला येतंय?" त्या झपाट्यात ओल्याबरोबर सुकंही जळालं. कॉम्प्युटरचे स्वतःचे, त्याला बोलायला लागणारे फॉन्टही ह्यांनी कुठूनतरी युक्ती शिकून उपटले, आणि पडद्यावर सगळीकडे नुसते रिकामे चौकोन उभे राहिले. मी पोट धरून हसले. भावोजींनी रंगाची बाटली आपटली.

दुरुस्तीवाल्यानं येऊन लागणारे फॉन्ट परत घातले, कशाकशाला हात लावायचा नाही ते बजावलं, आणि नवा माल आपोआप उतरायचंही बंद केलं. चौकोनांचं कारणही सांगितलं. "काका, ज्या अक्षराचा फॉन्टच नाही, त्या अक्षराच्या जागी हा रिकामा चौकोन काढतो. प्रत्येक अक्षराला एक. अक्षर तिथंच असतं, तुम्हाला दिसत नाही इतकंच." भावोजी शेजारी उभं राहून हे ऐकत होते. म्हणून म्हणते, पुढे जे झालं ते अजाणता झालं असं मला कोणी सांगू नये.

काही वर्षं गेली. भाचीनं घर घेतलं. ताईला तिचा फोन आला, "आई, दाराला बाबांच्या हातची पाटी हवी. माझं नाव आपल्या लिपीत, ह्यांचं त्यांच्या. आणि ती घेऊन तू ये." ताई भीत भीत नवऱ्याशी बोलली. तोवर तिला मुलीकडे जायची परवानगी नव्हती. परवानगी कसली मागायची म्हणून मी तिच्याशी दहादा भांडले होते, पण तिला नवऱ्याला तोडून मुलगी नको होती, तिला दोन्ही हवं होतं. भावोजी म्हणाले, "फाइल पाठवायला सांग. पाटी झाली की घेऊन जा." ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही क्षणभर वाटलं, माणूस वितळला.

फाइल आली. भावोजींनी उघडली. वर भाचीचं नाव, सुरेख. खाली सहा रिकामे चौकोन.

मी उठून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. "भावोजी, ही अक्षरं नाहीत."

"दिसतंय मला."

"मग दुरुस्तीवाल्याला बोलवा. नाहीतर तिलाच सांगा, चित्र करून पाठव म्हणून."

"गिऱ्हाइकानं पाठवलंय त्यात आपण फरक करत नाही."

"हो का? आणि दुसरा नियम? लावा फोन, दाखवा वाचून!"

ते उठले. पितळेचा जाड पत्रा घेतला, मशीनमध्ये आवळला आणि टूल खाली सोडलं. मशीन कोरतं तेव्हा आतले कोपरे किंचित गोल राहतात. नेहमीच्या कामाला ते चालतं. ह्या माणसानं भिंतीवरची वडिलांची छिन्नी काढली आणि भिंग लावून प्रत्येक चौकोनाचे कोपरे हातानं काटकोनात आणले. एवढी मेहनत त्यांनी स्वतःच्या दुकानाच्या पाटीवरही घेतली नव्हती. अपमानसुद्धा बारकाईनं करणारा माणूस! मी रंग भरायला साफ नकार दिला. "माझ्या हातून हे पाप होणार नाही," म्हटलं. त्यांनी तोही स्वतःच भरला.

संध्याकाळी मी ताईला सगळं सांगितलं. तिनं पाटी उघडून पाहिली, चौकोनांवरून बोट फिरवलं आणि पुन्हा कापडात गुंडाळली.

"नेऊ नकोस ताई. पोरीच्या तोंडात मारल्यासारखं होईल."

"रिकाम्या हातानं कशी जाऊ?" ती म्हणाली. "त्यांनी जा म्हटलंय. पुन्हा म्हणतील न म्हणतील."

ती गेली. दोन दिवसांनी भाचीनं माझ्या फोनवर फोटो पाठवला. पाटी दाराला लागली होती. आणि चौकोन रिकामे नव्हते. जावयानं काळ्या मार्करनं, एकेका चौकोनात एकेक, आपलं नाव लिहिलं होतं. नावात सहाच अक्षरं, चौकोनही सहाच, चपखल बसली होती. खाली भाचीनं लिहिलं होतं, "हे म्हणाले, बाबांनी जागा तर ठेवलीय."

मी तो फोन भावोजींच्या नाकासमोर धरला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "मार्कर आहे," म्हणाले. "उन्हानं जाईल. कोरलेलं असतं तर टिकलं असतं." मला असा संताप आला की फोन त्यांच्या डोक्यात घालावा.

ताई आठवडाभरानं यायची होती. आली नाही. तिनं दुकानात फोन केला, म्हणजे मीही ऐकावं हा तिचा हेतू होता. "ती पाटी तुम्ही वाचून न दाखवता कोरलीत," ती म्हणाली. उभ्या आयुष्यात नवऱ्यापुढे आवाज न चढवलेली माझी बहीण. त्या दिवशीही चढवला नाही. "ज्या दिवशी वाचून दाखवाल, त्या दिवशी मी येईन. नाहीतर माझं इथं बरं चाललंय. जायचं तर जायचं."

भावोजी घरी करपलेल्या भांड्यांत काय शिजवत होते देव जाणे. मी डबा नेला नाही. दुकानात ते गिऱ्हाइकांवर खेकसायचे, मशीनवर खेकसायचे. महिना व्हायला आला तेव्हा एका सकाळी दुरुस्तीवाल्याला बोलावलं आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले, "ते... त्या लिपीचे फॉन्ट घाल परत." दुरुस्तीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी घासत बसले.

तो गेल्यावर भावोजींनी जुनी फाइल उघडली. आता चौकोनांच्या जागी अक्षरं होती, गोल, काळी, ठसठशीत. भावोजी त्यांच्याकडे बघत राहिले. अक्षरं आली, पण वाचायची कशी? जन्मात ते ती लिपी शिकले नव्हते, आणि ते नाव त्यांनी तोंडानं कधी घेतलं नव्हतं. लग्नात आलेही नव्हते. घरात कोणी ते नाव काढलं की उठून जायचे. खरंच आठवत नसावं.

"काय नाव त्याचं?" त्यांनी मला विचारलं.

मला माहीत होतं. सांगायला अर्धा श्वास पुरला असता. "मला काय विचारता?" मी म्हटलं. "गिऱ्हाइकाला विचारा. दुकानाचा नियम आहे."

माझ्याकडे त्यांनी जे पाहिलं, त्यात राग होता आणि आणखीही काही होतं. मला दया आली नाही. त्यांनी फोन ओढला, भाचीच्या घरचा नंबर लावला, घसा साफ केला. पलीकडे जावयानंच उचलला असणार, कारण भावोजींचा आवाज एकदम शाळामास्तराचा झाला.

"पाटीवाले बोलतोय," ते म्हणाले. "नवी पाटी करतोय. तुमचं नाव... तेवढं एकदा सांगा. सावकाश सांगा."

दुकान एवढं शांत होतं की पलीकडचं मला खिडकीपाशी ऐकू आलं. जावयाला आमची भाषा येते, भाचीनं शिकवलीय, मोडकीतोडकी पण पुरेशी.

"नवी नको, बाबा," तो म्हणाला. "नाव दारावर आहे. येऊन वाचा."

भावोजींनी फोन ठेवला. त्या दिवशी एकही पाटी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर दुकान बंद. शेजारच्या किराणावाल्यानं माझ्या हातात किल्ली ठेवली आणि म्हणाला, "पहाटेच्या गाडीनं गेले. कुठं ते बोलले नाहीत, उलट माझ्यावरच खेकसले." मी कुलूप काढलं, झाडू मारला, कॉम्प्युटर चालू केला. भिंतीवर वडिलांच्या छिन्नीच्या जागी नुसता खिळा होता.