दिवाकररावांच्या पोटातली इंदिराकाकूंची किडनी

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हे शब्द कानावर पडले की इंदिराकाकूंच्या कपाळाची शीर उडायला लागायची. वर्तमानपत्रात तेच, बिस्किटाच्या पुड्यावर तेच, आणि भाजी घ्यायला खाली उतरावं तर भागुबाईच्या तोंडीही तेच.

“काकू, शेवगा न्या. काकांना लय ताकद येईल, रोग जवळ फिरकायचा नाय.”

“अगं बाई, त्यांच्या अंगातली ती ताकद कमी ठेवायची आहे आम्हाला. रोज सकाळ-संध्याकाळ गोळ्या देऊन मीच कमी ठेवते.”

भागुबाईचा हात तराजूवरच थांबला. “या वयात काय वैर धरलं काकांशी?”

दीड वर्ष झालं, हेच सांगून काकूंची जीभ झिजली होती.

काकू मूळच्या नामपूरच्या, शाळामास्तरांची लेक. बाविसाव्या वर्षी लग्न होऊन पंचवटीत आल्या त्या रामकुंडावरच्या उपाध्यांच्या घरात. दिवाकररावांचं काम पिढीजात. यात्रेकरू आला की गाव विचारायचं, आडनाव विचारायचं, लाल बासनातली नामावळीची वही उघडायची आणि त्याच्या पणजोबांनी येऊन केलेली सही त्याला दाखवायची. सही बघून माणूस रडायचा. काकूंचं काम त्या सगळ्यामागचं : सोवळं, स्वयंपाक, नैवेद्य, आल्यागेल्याचं पान. असं पस्तीस वर्षं चाललं. मग रक्तदाबानं दिवाकररावांच्या दोन्ही किडन्या खाल्ल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. मुलगा आल्हाद पुण्याहून आला आणि म्हणाला, मी देतो. काकूंनी त्याला बोलूसुद्धा दिलं नाही. “तुझं अजून सगळं व्हायचंय. माझी घ्या.”

डॉक्टर मृण्मयी म्हणजे आल्हादच्याच वयाची मुलगी, पण समजावून सांगायची हातोटी अशी की काकूंना आपले वडील आठवायचे. ती म्हणाली, “कातडी, नाकातले केस, पोटातलं आम्ल, ही आपली दारं-खिडक्या. त्यातून जंतू आत शिरलाच तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याला गाठतात. प्रत्येक पेशीच्या अंगावर खूण असते. घरची खूण दिसली की सोडतात, परकी दिसली की मारतात. आणि एकदा मारलेल्याची खूण जपून ठेवतात, म्हणजे तो पुन्हा आला तर वेळ जात नाही. लस देतो ती तरी कशासाठी? जंतूची ओळख आधीच करून द्यायला.”

“म्हणजे आमची नामावळीच की,” दिवाकरराव खुश होऊन म्हणाले. “गाव कुठलं, आडनाव काय!”

“अगदी. आणि काकूंची किडनी तुमच्या वहीत नाही. चांगली असो, वाईट असो, तुमच्या पेशी तिला परकीच म्हणणार. म्हणून त्यांना गुंगीत ठेवायचं, जन्मभर.” मग ती काकूंकडे वळली. “उलटं असतं, म्हणजे काकांची किडनी तुम्हाला बसवायची असती, तर जास्त अवघड गेलं असतं. आल्हाद पोटात असताना त्याच्या अंगातल्या काकांच्या खुणा तुमच्या रक्तानं पाहिल्यात. कधीकधी त्या पस्तीस वर्षांनीही लक्षात असतात.”

“पस्तीस वर्षांत यांना माझा वाढदिवस लक्षात राहिला नाही,” काकू म्हणाल्या, “आणि माझ्या रक्ताला मात्र सगळं ठाऊक!”

ऑपरेशन नीट झालं. रक्त तपासलं की क्रिएटिनिन नावाचा एक आकडा येतो, त्यावरून किडनीचं कळतं; जितका कमी तितकं चांगलं. तो एक पूर्णांक एकवर येऊन बसला. सगळ्यांनी पेढे वाटले. काकूंची खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली.

पेशी गुंगीत म्हणजे साधा जंतूसुद्धा मोकाट. म्हणून कुंडाच्या पायरीवर बसायचं, पाण्यात उतरायचं नाही. तीर्थ घ्यायचं नाही, कपाळाला लावायचं. चिरून ठेवलेलं फळ नको, गर्दी नको, तोंडावर मास्क. कुणाकडे सत्यनारायण असला की काकू दिवाकररावांच्या शेजारी पहाऱ्याला उभ्या. तीर्थाची पळी पुढे आली की स्वतःचा हात मध्ये घालायच्या. ज्या माणसानं उभा जन्म लोकांच्या ओंजळीत तीर्थ घातलं, त्याची ओंजळ बायको मागे ओढते, हे बघून बायका कुजबुजायच्या. काकूंना ते कळायचं. देवाचं सगळं करणारी बाई मी, आणि मलाच नास्तिक ठरवताहेत, म्हणून घरी येऊन त्या भांडी आपटायच्या.

सगळ्यांत कहर देवळ्याच्या वन्संचा. दिवाकररावांची ही थोरली बहीण. श्रावणात आल्या त्या गुळवेलीच्या काढ्याची बाटली घेऊनच.

“रोज दोन चमचे दे त्याला. बघ कसा अशक्त दिसतोय.”

“वन्सं, चालत नाही. अंगातल्या पेशी जाग्या होतात.”

“जाग्या व्हायलाच हव्यात! झोपलेला पहारेकरी काय कामाचा?”

“तो पहारेकरी माझ्याच किडनीवर काठी घेऊन धावेल, त्याचं काय?”

“तुझी किडनी, तुझी किडनी! दिलीस ना? मग आता त्याची झाली.” वन्संनी बाटली उचलली आणि दोन दिवस राहायला आलेली बाई संध्याकाळच्याच एसटीनं परत गेली.

भाद्रपदात गल्लीत डेंग्यू आला. समोरच्या घरातला धडधाकट तरुण तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला. काकूंचा धीर सुटला. ज्याच्या अंगात सगळे जागे आहेत त्याची ही गत, तर आमच्याकडे तर सगळे झोपलेले. त्यांनी जाळ्या लावल्या, धूप केला, कुंड्यांमधलं पाणी ओतून दिलं. तरी मन शांत होईना. मागच्या अंगणातल्या कडुनिंबावर गुळवेल चढलेली होती. वन्संना तोंडावर नाही म्हटलं खरं, पण दोन चमच्यांनी असं काय होणार? वेल आहे, औषध थोडंच आहे? डेंग्यू सरेपर्यंत तेवढं. डॉक्टरांना विचारावं, असं एकदा मनात आलं. पण ती नाही म्हणेल, हेही ठाऊक होतं. म्हणून विचारलं नाही.

रोज सकाळी देवाला केशर-वेलदोड्याच्या दुधाचा नैवेद्य असे. देवापुढे दाखवून झालं की ती वाटी दिवाकररावांची. त्या घरात नैवेद्याला कुणी कधी नावं ठेवली नव्हती आणि यात काय आहे असं विचारलंही नव्हतं. काकूंनी त्याच वाटीत काढा घालायला सुरुवात केली. एकोणीस दिवस घातला. त्याच हातांनी देवाला नमस्कारही केला, की बाबा रे, यांना सांभाळ.

विसाव्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. एक पूर्णांक नऊ.

डॉक्टर मृण्मयीचा चेहरा उतरला. “गोळ्या चुकल्या का?”

“एकही नाही,” दिवाकरराव म्हणाले.

“ताप? जुलाब? दुसरं कुठलं औषध? काढा, चूर्ण, वेदनेची गोळी?”

“छे! हिच्या राज्यात? तीर्थाचा थेंब मिळत नाही मला, काढा कुठला?”

काकूंना गप्प बसता आलं असतं. हवा बदलली, नशीब फिरलं, काहीही म्हणता आलं असतं. पण डॉक्टरनं उपचार करायचे ते कशावर?

“गुळवेल,” त्या म्हणाल्या. “मी दिली. दुधातून. एकोणीस दिवस.”

दिवाकररावांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू वहीत नोंदच नसलेलं कुणी समोर उभं आहे.

डॉक्टर रागावली नाही, त्याचाच काकूंना जास्त राग आला. सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला. पेशी जाग्या झाल्या होत्या आणि किडनीत शिरल्या होत्या. “एकट्या गुळवेलीनंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही,” ती म्हणाली, “पण ती आधी थांबवायची.” पेशी पुन्हा गुंगीत जाव्यात म्हणून तीन दिवस शिरेतून स्टिरॉइड दिलं.

दुसऱ्या दिवशी काकूंना राहवलं नाही. “अहो, रागवा तरी काहीतरी! असे भिंतीकडे काय बघता?”

“कुणावर रागवू? किडनी तुझी, काढा तुझा. मी मधल्यामध्ये कोण?”

“चेष्टा सुचते तुम्हाला!”

“चेष्टा नाही करत,” ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

आकडा उतरला तो एक पूर्णांक चारवर थांबला. डॉक्टरनं सांगितलं, झालेला व्रण राहणार, मागचा एक पूर्णांक एक बहुतेक पुन्हा दिसायचा नाही. गोळ्या वाढल्या. काकू हिशोब मांडत राहिल्या : दीड वर्षाचा पहारा, सगळ्या गावाशी घेतलेला वाईटपणा, आणि चोर निघाली ती पहारेकरीणच.

घरी आल्यावर वन्संचा फोन आला. दिवाकररावांनी स्पीकर लावला. कुणीतरी काहीतरी दिल्यामुळे हे झालं, एवढंच त्यांच्या कानावर गेलं होतं.

“कुणी काय दिलं रे तुला? नाव सांग, मी बघते त्याच्याकडे!”

“अगं, काही नाही अक्का. हवा बदलली...”

काकूंनी फोन त्यांच्या हातातून घेतला. “वन्सं, मी दिली. तुम्ही सांगितलेली गुळवेलच. तुम्हाला नाही म्हटलं आणि मागून दिली.”

काकूंना वाटलं, आता ऐकायचं, मला नाही म्हणालीस आणि स्वतः चोरून दिलीस. पण वन्सं हळूच म्हणाल्या, “दुधातून? कडू नाही का लागली त्याला?”

“लागत होती,” दिवाकरराव म्हणाले. “मला वाटलं, हिचा हात हल्ली साखरेला आखडतोय.”

“आणि विचारलं नाहीत?” काकू कडाडल्या. “एकोणीस दिवस कडू दूध प्यायलात आणि एका शब्दानं विचारलं नाहीत?”

“नैवेद्य होता तो.”

“उद्यापासून विचारायचं. मी काहीही हातात ठेवलं तरी.”

“नैवेद्याला प्रश्न विचारायचा?”

“नैवेद्याला नाही,” काकू म्हणाल्या. “मला.”