माहेरचे शिफ्टर, घरचं डिरेलर

आमच्या घरात राजकारणावरून भांडण होत नाही, जमिनीवरून होत नाही. होतं ते सायकलच्या गिअरवरून. माझा नवरा लातूरला वीजखात्यात इंजिनिअर आहे, धाकटा भाऊ नांदेडला औषधांचं दुकान चालवतो, आणि चाळिशी उलटल्यावर दोघांनाही एकाच सुमारास बारीक टायरच्या, वाकड्या हँडलच्या महागड्या सायकलींचं वेड लागलं. इथवर ठीक होतं. पण नवऱ्याच्या सायकलचे गिअर अमेरिकन कंपनीचे निघाले आणि भावाचे जपानी. तेव्हापासून रविवारी सकाळी दोघं आपापल्या गावातून चक्कर मारून आले की फोन स्पीकरवर लागतो आणि टेबलावरचे पोहे गार होतात.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मला यातलं कळत नाही असं नाही. इतकं ऐकल्यावर भिंतीलाही कळलं असतं. जपानी प्रकारात ब्रेकचा दांडाच आतल्या बाजूला ढकलला की साखळी मागच्या चाकाच्या मोठ्या दातेरी चकतीवर चढते आणि त्याच्यामागची छोटी पट्टी ढकलली की उतरते. अमेरिकनमध्ये पट्टी एकच. हलकी टिचकी मारली तर साखळी उतरते, लांब ढकलली तर चढते. मूळ फरक एवढाच. पण एवढ्याशा फरकावर या दोघांनी जेवढा श्वास खर्च केला, तेवढ्यात गावातले सगळे टायर तोंडानं फुगवून झाले असते.

“दाजी, जपानी माल म्हंजे इमानदार. एकदा बसवला की वरसानुवरसं बघायचं काम न्हाई,” भाऊ म्हणायचा.

“इमानदार आहे रे, पण मिळमिळीत. माझा गिअर पडला की हाताला कळतं.”

“हाताला कळतं म्हंजे आवाज करतो. आन् तुमच्या ब्रेकातलं ते तेल? सांडलं की रंग खातं. मी कवापासून सांगून राहिलो तुम्हाला, आमच्या ब्रेकातलं तेल लई गरीब हाय.”

मग वजनावर यायचे. अमेरिकन संच अमुक ग्रॅमनं हलका, जपानी तमुक ग्रॅमनं टिकाऊ. दोघांच्या पोटांचे ग्रॅम मात्र कधी निघाले नाहीत.

मी इतकी वर्षं शाळेला जाते ती पुढं टोपली असलेल्या साध्या सायकलवर. तिला गिअर नाहीत आणि तिच्यावर कोणी वाद घालत नाही. गेल्या दिवाळीच्या आधी गुडघे दुखायला लागले म्हणून डॉक्टरांकडे गेले, तर ते म्हणाले, “मॅडम, सायकल चालवा, चांगलीच आहे. पण गुडघ्यातली गादी झिजत चाललीय. लांबचं काही मनात असेल तर या हिवाळ्यात करून घ्या. पुढच्या वर्षीचं मी आज सांगत नाही.”

लांबचं मनात होतंच. मला लातूरहून नांदेडला सायकलवर जायचं होतं, आईकडे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माहेरी दरवेळी मला कोणीतरी नेलेलं आहे. आधी भाऊ न्यायला यायचा, मग एसटीनं नेलं, मग नवऱ्याच्या गाडीनं. एकदा मला आपल्या पायांनी जाऊन आईच्या दारात उतरायचं होतं. यात तत्त्वज्ञान काही नाही. हौस होती, आणि हौसेला आता मुदत पडली होती. होळीनंतर आमच्याकडच्या उन्हात दिवसभर सायकल चालवणं माणसाचं काम नाही, म्हणजे दिवाळी ते होळी एवढाच वेळ.

हे मी घरात बोलले, हीच चूक. नवऱ्यानं जाहीर केलं की बायकोच्या पन्नाशीला गिअरची सायकल त्याच्याकडून. भावाला ते कळलं तसा त्याचा फोन आला. “ताईची पन्नाशी हाय आन् माहेरचा आहेर न्हाई? लोक काय म्हणतील?” आमच्याकडे हे असंच चालतं. बारशाला पाळणा माहेरचा तर त्यातली गादी सासरची, वास्तुशांतीला कलश यांचा तर साडी त्यांची. दोन्हीकडचा मान राहिला पाहिजे. मान राहतो, आणि ज्याच्यासाठी सगळं चाललंय तो बाजूला राहतो. तर असं ठरलं की सायकलचा सांगाडा आणि चाकं घरची, गिअर-ब्रेकचा संच माहेरचा.

भावानं कोणी विचारायच्या आत जपानी शिफ्टर, म्हणजे हँडलवरचे ते दांडे, एसटीच्या ड्रायव्हरजवळ खोक्यात घालून पाठवले. उरलेलं सामान मागाहून येतंय म्हणाला. त्याच आठवड्यात नवऱ्यानं अमेरिकन डिरेलर मागवलं. मागच्या चाकाशी लोंबणारा आणि साखळी इकडून तिकडे सरकवणारा हात असतो, ते हे. मी म्हणाले, गिअरचं तर माहेराकडे होतं ना? त्यावर इंजिनिअरसाहेब म्हणाले, “चाक माझं आहे. चाकाला लागून जे येतं ते माझंच.”

आता यातली गंमत अशी, की हे दोन एकत्र चालत नाहीत. जपानी शिफ्टरच्या एका खटक्यानं डिरेलरची तार जेवढी ओढली जाते, तेवढ्या मापाचं अमेरिकन डिरेलर नसतं. जोडलं तर साखळी दोन चकत्यांच्या मध्ये कुठंतरी खरडत बसते. आणि ही गोष्ट दोघांनाही तोंडपाठ होती. इतक्या रविवारी माझ्याच टेबलावर त्यांनी ती एकमेकांना ऐकवली होती. दोघांनी जाणूनबुजून अर्धं-अर्धं घेतलं, ते समोरचा माघार घेईल या आशेवर.

माघार कोण घेणार? मी नवऱ्याला म्हणाले, तुमचं डिरेलर परत करा. तो म्हणाला, “माझी काही हरकत नाही, पण आधी त्याचे शिफ्टर परत जाऊ देत. मी आधी काढलं तर मलाच हौस नव्हती असं होईल.” भावाला फोन केला. “ताई, दाजींनी एवढ्या हौसेनं आणलं, मी कसा म्हणू काढा म्हणून? त्यांनीच समजून घ्यायला पायजे. त्यांचं निघाल्याबिगर मी माझं कसं पाठवू?” दोघांच्या बोलण्यात इतकी अदब, की कोणावर ओरडावं तेच कळेना. शेवटी मी स्वतः सायकलच्या दुकानात जाऊन जपानी डिरेलर मागवायला सांगितलं. चार दिवसांनी चौकशीला गेले तर दुकानदार म्हणाला, “सर येऊन कॅन्सल करून गेले ना मॅडम.” घरी विचारलं तर सर म्हणाले, “अगं, घरात एक असताना दुसरं कशाला?”

हॉलमध्ये ती सायकल स्टँडवर टांगलेली. निळी, देखणी, साखळी नसलेली. आल्यागेल्याला नवरा ती कौतुकानं दाखवायचा. मला तिच्यावरची धूळ पुसताना रडू यायचं आणि रडू येण्याचाही राग यायचा. संक्रांत गेली, शिवरात्र गेली, दुपारी पंखे लागले.

होळीच्या आधीच्या रविवारी मी उजाडता उजाडता टोपलीवाली सायकल काढली आणि निघाले. नवरा गॅलरीत येऊन म्हणाला, “यावर? वेड लागलंय का?” मी वर बघितलंसुद्धा नाही.

चाकूरपर्यंत छान गेले. अहमदपूरला मिसळ खाल्ली, आईला फोन केला. ती म्हणाली, सावकाश ये, मी बसलेय. पुढं चढ-उतार लागतात. गिअर असले की चढाला पाय हलका होतो. ते नसले की सगळा भार गुडघ्यावर. एकेक चढ मी उठून, जोर लावून काढला. ऊन वर आलं होतं, हरभरा काढलेली रानं दोन्हीकडे उघडी पडली होती. लोह्याच्या अलीकडे एका चढाला उजव्या गुडघ्यात कळ आली ती अशी, की पाय पेडलवरून खाली टेकवता येईना. सायकल लिंबाखाली आडवी टाकली आणि बराच वेळ बसले. मग दोघांनाही फोन केला. दुसरा इलाज नव्हता.

नवरा गाडी घेऊन लातूरहून आला, भाऊ त्याच्या आधीच नांदेडहून मोटारसायकलवर. माझी सायकल त्यानं डिकीत दोरीनं बांधली, मोटारसायकल पुढं नेऊन लोह्यात ओळखीच्या दुकानात लावली आणि गाडीत मागं येऊन बसला. गाडी लोह्याबाहेर पडली तसा नवरा म्हणाला, “खालचा गिअर असता तर तो चढ सहज निघाला असता.”

“त्येच म्हणतो मी. जपानीत खालचा गिअर लई अलगद पडतो.”

“अलगद पडून काय उपयोग? चढावर झटक्यात पडायला पाहिजे.”

मी गुडघा धरून खिडकीबाहेर बघत होते.

आईनं गल्लीभर सांगून ठेवलं होतं. वळणावरूनच दिसलं, फाटकाशी चार-पाच बाया उभ्या, आई खुर्ची टाकून बसलेली. नवऱ्यानं गाडी अलीकडेच थांबवली. “असं करू,” तो म्हणाला, “सायकल इथंच काढतो. इथून सपाट आहे, हळूहळू चालवत जा.” भाऊ लगेच म्हणाला, “बराबर. आम्ही मागून येतो. कोणाला कळतंय?”

सहा महिन्यांत पहिल्यांदाच दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. मी म्हणाले, “गाडी दारात घ्या.” दोघांपैकी कोणी हललं नाही, तेव्हा पुन्हा म्हणाले, “दारात घ्या म्हटलं ना.”

मी नेहमीसारखी गाडीतून उतरले. आईनं माझ्याकडे बघितलं, डिकीत बांधलेल्या सायकलकडे बघितलं.

“गाडीत आलीस व्हय?”

“हाव. लोह्याच्या अलीकडून.”

बायांना तिनं चहा पाजून वाटेला लावलं. मग मला आतल्या खोलीत पलंगावर बसवून गुडघ्याला कोमट तेल लावत राहिली. गुडघा दोन्ही हातांत मावत नव्हता. पुढच्या हिवाळ्याचं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, पण मला ते तेव्हाच कळलं. बाहेरच्या खोलीत दोघांचं पुन्हा सुरू झालं होतं, जपानी तार आणि अमेरिकन तार. आईनं थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, “का गं, खरं सांग, दोघातलं चांगलं कोणाचं हाय?”

“मला काय माहीत, आई,” मी म्हणाले. “मला कुठलंच चालवायला मिळालं नाही.”