तुम्ही इथे आहात

ग्रंथालयाचं कुलूप काढत होते तेव्हा मेधाचा फोन आला. "लताबाय... गेले ते. पहाटे." तिचा नवरा, उल्हास परब, जाणार हे आम्हाला ठाऊक होतं. आठवड्यापूर्वीच मी त्याला इस्पितळात भेटून आले होते. तरी हातातली किल्ली कुलपात तशीच राहिली आणि मी पायरीवर बसले. समोरच्या रस्त्याने पोदेर पावांची टोपली घेऊन गेला, त्याने हॉर्न वाजवला, मी मान हलवली की नाही ते आठवत नाही. सेहेचाळीस म्हणजे काही जायचं वय नव्हे.

उल्हास इब्रामपूरचा. घरी शेती, काजूची थोडी झाडं. शिकून तो सुर्ल्याच्या एका खाणीच्या कचेरीत संगणकावर बसायला लागला आणि खाणी बंद पडल्यावर डिचोलीला संगणक दुरुस्तीच्या दुकानात आला. आमच्या मुळगावच्या ग्रंथालयातला एकुलता एक संगणक बिघडला की त्यालाच बोलवायचं. तो यायचा, चहा नको म्हणायचा आणि मग दोन कप प्यायचा. कमी बोलणारा माणूस. आपल्या आईबद्दल मात्र बोलायचा. सुलोचनाकाकी धालोची गाणी, पौषात बायका रात्री मांडावर नाचत म्हणतात ती, म्हणायची, गावात तिच्याएवढी गाणी कुणाला येत नव्हती. ती खूप आजारी असताना उल्हासने कुणाचा तरी रेकॉर्डर मागून आणला आणि स्वयंपाकघरात बसून तिची गाणी टिपली. तीन महिन्यांनी काकी गेली. रेकॉर्डर परत करावा लागणार होता, त्याचा स्वतःचा संगणक खोलून पडलेला, म्हणून ते सगळं त्याने आमच्या संगणकावर आणून ठेवलं. "हय सुरक्षित रवतला," असं तो म्हणाला होता.

त्यानंतर जे झालं ते मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. गाणी एका पेनड्राइव्हवर उतरवून त्याला द्यायची होती. उतरवताना मी ती सगळी ऐकली, अगदी शेवटपर्यंत. तेवढ्यात शाळेच्या बाईंना स्नेहसंमेलनाच्या फोटोंसाठी तोच पेनड्राइव्ह तातडीने हवा झाला. म्हटलं, गाणी संगणकावर आहेतच, पेनड्राइव्ह रिकामा करून देऊ, उल्हासला नंतर दुसरा भरता येईल. पडद्यावर दोन चौकटी उघड्या होत्या. दोन्हींत 'धालो' नावाचा एकच फोल्डर, त्याच फाइली, तोच रंग. मी कायमचं पुसून टाकलं. मग पेनड्राइव्ह उघडला तर फाइली तिथेच! मला वाटलं, नीट पुसल्या गेल्या नाहीत. परत पुसल्या. दोन्हीकडे फोटो भरले आणि घरी जाऊन जेवले. पहिल्यांदा पुसलेल्या फाइली संगणकावरच्या होत्या, हे नंतर कळलं.

उल्हासने चार दिवस प्रयत्न केला. पुसलेलं परत आणायची जी काही साधनं होती ती सगळी त्याने वापरली. आलं ते एवढंच... काही सेकंदांची खरखर. मी रडत होते. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "रडा नको. दोनूय सारखीच दिसतत, माणसान करूचा काय?" आणि स्कूटर काढून निघून गेला. तो मला टाकून बोलला असता तर बरं झालं असतं, असं कितीदा वाटलं.

महिनाभराने आला आणि मला संगणकापुढे बसवलं. फाइली बघायचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम घेऊन त्याने तो बदलला होता. चौकटीच्या वर बारीक करड्या अक्षरांत मराठी ओळ होती, आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते सांगणारी. "लता, तू आता खंय आसस?" त्याने विचारलं. मी फाइलींकडे बघूनच काहीतरी ठोकून दिलं. तो हसला नाही. वहीत काहीतरी लिहिलं आणि गेला. पुढच्या वेळी अक्षरं मोठी, ठळक. मग आमच्या ग्रंथपाल शेट्ये मास्तरांना बसवलं, त्यांना ती ओळ जाहिरात वाटली. मग त्याने तिचं वाक्यच केलं: 'तुम्ही इथे आहात: ग्रंथालयाचा संगणक, धालो'. पेनड्राइव्हमध्ये गेलं की सगळी पट्टी पिवळी. नाव लांबलं तर मधलं कापायचं, पहिलं आणि शेवटचं कधीच नाही. पुसताना विचारणारी पाटीही कुठून पुसताय ते सांगायची. वर्षभर तो हेच करत होता. पुढे डिचोली-पेडण्यातल्या काही शाळांनी, दोन-तीन बचत गटांनी ते घेतलं. एका कार्यक्रमात कुणी विचारलं, हे सुचलं कसं? उल्हास म्हणाला, "लोकांक गरज होती." मी तिसऱ्या रांगेत बसले होते. त्याने माझं नाव घेतलं नाही, कधीच नाही. मला ते उपकारासारखंही वाटायचं आणि शिक्षेसारखंही.

मग पोटाचा आजार निघाला आणि फार लवकर पसरला. शेवटच्या भेटीत तो खाटेवर इतका लहान दिसत होता की मी आधी दुसऱ्याच खाटेकडे वळले. मेधा औषध आणायला खाली गेली तेव्हा तो म्हणाला, "एक विचारू? ती टिपलेली गाणी पुरी तूच एकटीन आयकललंस. माका आईचो आवाज आठवत नाय गो. तोंड दिसता, आवाज येना. कसो होतो?"

काय सांगायचं? मला गाता येत नाही. जे होतं ते सांगितलं. वरच्या सुराला आवाज चिरकायचा, तशीच ती पुढे रेटायची. तिसऱ्या गाण्यात खोकला आला, थांबली, पाणी प्याली. मध्येच ओट्यावर मांजर चढलं, तर गाण्याच्याच चालीत त्याला हाकललं आणि परत गायला लागली. त्याने डोळे मिटले होते. "मांजराक... होय," एवढंच म्हणाला. खूप वेळाने हात वर केला, मला वाटलं माझा हात हवा आहे, पण त्याला चादर ओढायची होती. मी ओढून दिली. मी माफी मागायला गेले होते. ते राहूनच गेलं.

बाराव्यानंतर मेधा त्याचा फोन घेऊन ग्रंथालयात आली. त्यात त्याचे व्हिडिओ होते: लेकीला स्कूटर शिकवताना, काजू भाजताना, उगाच कॅमेरा चालू राहून स्वतःशी पुटपुटताना. मी ते संगणकावर उतरवले, दोन पेनड्राइव्हांवर उतरवले, एकेक उघडून शेवटपर्यंत लावून पाहिला. खोलीत त्याचा आवाज होता आणि आम्ही दोघी मान खाली घालून बसलो होतो. संपल्यावर मेधा म्हणाली, "आता फोनातले काढ. भरलाय पुरा, चेडवाक वापरूचो आसा." मी फोन हातात घेतला. सगळं निवडलं. तीन ठिकाणी प्रती होत्या, मी स्वतः तपासलेल्या... माझं बोट खाली जाईना. मेधाने थोडा वेळ वाट पाहिली, मग फोन माझ्या हातातून हळूच काढून घेतला.

"रवांदे," ती म्हणाली.

तो फोन आता त्यांची लेक वापरते. त्यात एकही नवा फोटो मावत नाही.