शकुनाचं डोकं

वडील गेल्यावर दहाव्या दिवशी मी मुंडण केलं आणि तेरावं उरकून जर्मनीला परतलो. लोकरीची टोपी घालून हिंडत होतो. प्रयोगशाळेत कुणाला काही सांगितलं नव्हतं. डोक्यावरचा तो गुळगुळीतपणा एवढंच वडिलांचं माझ्याजवळ उरलं होतं, आणि त्याला कुणाचा हात लागू नये असं मला वाटे. हे फक्त माझ्या खोलीत राहणाऱ्या मित्राला माहीत होतं. तो साताऱ्याचा, माझ्यासारखाच पीएचडी करणारा.

शनिवारी तो म्हणाला, "चल, आपल्या विद्यापीठाची फुटबॉलची मॅच आहे. किती दिवस पुस्तकात तोंड खुपसून बसणार?"

मैदानाला पायऱ्या एकाच बाजूला. त्यामुळे समोरच्या संघाचे पाठीराखे आमच्या मागेच बसले होते. चौघे होते, गालांना पिवळा रंग फासलेले. एकाने थंडीत शर्ट काढून पोट उघडं टाकलं होतं. सॉसेज खाऊन मोहरीच्या चटणीने माखलेली बोटं ते आमच्याच पायरीला पुसत होते.

मागून कुणीतरी माझी टोपी उचलली.

"बघा रे, काय चकाकतंय!"

बिअरने ओला झालेला एक पंजा माझ्या डोक्यावरून फिरला. नेमका तेव्हाच त्यांना कॉर्नर मिळाला आणि त्यावर गोल झाला. मग काय, तो शकुनच ठरला. पुढच्या प्रत्येक कॉर्नरला एक पंजा, कधी दोन. मोहरीचा वास माझ्या कपाळावरून नाकात उतरत होता.

शेवटी मी वळून हळू, नीट जर्मनमध्ये म्हणालो, "माझे वडील वारले. आमच्यात म्हणून केस काढतात. कृपया हात लावू नका."

टोपी उचलणारा शरमेने लाल झाला, त्याने टोपी परत दिली. उघड्या पोटाचा म्हणाला, "पण गोल तर झाला! वडिलांना आमच्याकडून धन्यवाद सांग." चौघेही हसले. लाल झालेला थोडा उशिरा हसला, एवढंच.

"सोड रे," मित्र मराठीत म्हणाला. "प्यायलेत साले. आईबापाची लाज नाही."

टोपी बिअरने भिजली होती. ती घालवेना, म्हणून हातातच धरून बसलो.

एक-एक अशी बरोबरी झाली होती. शेवटच्या मिनिटांत आम्हाला कॉर्नर मिळाला. मित्र उठून उभा राहिला. "आता आपला!" असं ओरडत, चेंडूवरची नजर न काढता, त्याने माझं डोकं खसाखसा चोळलं.

मागचे चौघे टाळ्या पिटू लागले. "गेनाऊ! अस्संच!"

आणि मी हसलो. सगळे बघत होते, आपणच तेवढे आंबट चेहऱ्याचे दिसू नये म्हणून दात दाखवून हसलो. चेंडू गोलच्या वरून गेला.

ट्राममध्ये मित्राच्या लक्षात आलं असावं. "सॉरी यार. भरात हात गेला. तुला राग नाही ना आला?"

"मी हसलो ना?" मी म्हणालो.

"हो, तेच म्हटलं," तो म्हणाला आणि निश्चिंत होऊन मोबाइलवर दुसऱ्या सामन्यांचे निकाल बघू लागला.

त्या चौघांची मला किळस आली होती, पण त्यांचे चेहरे आता पुसट होत चालले होते. माझ्या त्या हसण्याची किळस मात्र जात नव्हती. पुढच्या थांब्यावर, आमचं घर बरंच लांब असताना, मी काही न सांगता उतरलो.