काकूच्या ब्लॉगवर त्याचं नाव नाही

काकू गेल्याची बातमी मला घरच्यांच्या आधी तिच्या चोरानं दिली. दहिवलीच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळीच त्याचा मजकूर पडला... ‘माझ्या शिष्या वत्सलाबाई अनंतात विलीन झाल्या.’ खाली जोडलेले हात. रडू यायच्या आधी मला संताप आला. शिष्या म्हणे! मेल्याला टाकळा आणि तरोटा ही एकच रानभाजी, एवढंही ठाऊक नसेल. पाच आठवडे झाले. रडून झालं, राग काही उतरत नाही.

काकू भिवपुरीजवळच्या आमच्या गावात राहायची. शिक्षण सातवी, पण चाळीसेक रानभाज्या तिला पानावरून ओळखू यायच्या. ठाकुरवाडीकडच्या बायकांकडून विचारून विचारून तिनं वही भरली होती, आणि प्रत्येक भाजीपुढे ती सांगणारीचं नाव. ती वही तिनं विश्वासानं, छापायला म्हणून, या चोर गुरुजीच्या हातात दिली. (नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात नको.) पावसाळ्यात पुस्तिका निघाली. वर याचा फोटो, आत काकूची वाक्यं, आणि एकाही बाईचं नाव नाही. काकू तीनदा त्याच्या घरी गेली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “वत्सलाबाई, भाज्या काय, सगळ्यांच्याच असतात.”

तिथून ती थेट माझ्याकडे आली. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, “मंगल, तो ब्लॉग का काय असतो, तो मला शिकव. तू करून देऊ नको गं. माजा मीच करनार.”

शिकवताना माझा जीव मेटाकुटीला आला. तयार थीम दाखवल्या तर गुलाबी रंगाला म्हणाली, “बारशाची पत्रिका हाय काय ही?” शेवटी भाताच्या रोपाचा हिरवा निवडला. भाज्यांची यादी अकारविल्हे लावू म्हटलं, तर डोळे वटारले. भाजी कधी अक्षराप्रमाणं उगवते का? मग मेनू नक्षत्रांनी झाला... रोहिणी, मृग, आर्द्रा. वर स्वतःचं नाव टाकलं. “मोठं कर,” म्हणाली. केलं. “अजून. त्याच्या घरातनं दिसलं पायजे.” त्या नावाखाली सगळ्या सांगणाऱ्या बायकांची नावं. महिनाभरात फोटो, दुवे, रकाने सगळं स्वतः करायला लागली. मी शेजारी नुसती बसून.

पण जित्याची खोड! गुरुजी आता ब्लॉगवरूनच उचलायला लागला. मी म्हटलं, तक्रार करू. काकू नुसती हसली आणि शेवळांवरचा लेख लिहायला बसली. शेवळांत काकडं ही आंबट फळं घातली नाहीत तर घसा खाजून खाजून माणूस बेजार होतो. ती ओळ मात्र तिनं टाइप केली नाही. कागदावर ठसठशीत लिहिली, फोटो काढला आणि लेखात सगळ्यात वर लावला. वाचणाऱ्याला पहिली तीच दिसायची. न वाचता उचलणाऱ्याच्या हाती फक्त खालची टाइप केलेली अक्षरं लागायची.

लागली. रानभाज्यांच्या कार्यक्रमात त्यानं ‘स्वतःच्या’ कृतीनं शहरातल्या आचाऱ्याकडून शेवळं करवली. मंचावर पहिला घास त्यानंच घेतला. भाषण तिथंच संपलं! माईकवर नुसतं खाकरणं. पुढे बसलेल्या आमच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. एकीनं विचारलंच, “काकडं नाय टाकली वो गुरुजी?” कर्जतच्या कुठल्याही पोरीला हे ठाऊक असतं. त्याला नव्हतं. काकूच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे समाधान पाहिलं ते पुन्हा नाही पाहिलं... आणि मलाही अजून तसल्याच समाधानाची भूक आहे, खोटं कशाला बोलू?

तेराव्याला तो आला, हार घेऊन. मला बाजूला घेऊन म्हणाला, “ताई, ब्लॉगचा पासवर्ड द्या, त्यांचं कार्य पुढं चालवतो.” मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

परवा काकूच्या स्वयंपाकघरात गेले. तांदळाच्या डब्याला टेकवलेला टॅब तसाच, काचेवर हळदीची बोटं. ब्लॉग उघडला. खूप बायकांनी आठवणी लिहिल्यात, त्या सगळ्या मंजूर केल्या. त्यात एक त्याचीही होती... ‘मी घडवलेली लेखिका’. पुसून टाकायला एक बोट पुरलं असतं. नाही पुसली. मंजूरही केली नाही. ठेवलीय तशीच, लटकत.

काल त्याचा फोन आला. “ताई, तिथं माझं नाव अजून दिसत नाही हो.”

“नाहीच दिसणार,” मी म्हटलं. “रोज बघत जा.”