मिस्त्रींचा ट्रक डोंगर चढला

"आधी ऐकू, मग खोलू." गाडी कुणाचीही असो, शोरूममधून परवा आलेली असो की भंगारात निघालेली, मिस्त्रींचं पहिलं वाक्य हेच. मग ते चपला काढून बाजूला ठेवायचे, पोराचा ताप बघतात तसा बॉनेटवर उलटा हात टेकायचे आणि मान खाली घालून उभे राहायचे. इंजिनची थरथर तळपायातून कळते, असं त्यांचं म्हणणं. गाडीवाला घाईत असला तर चुळबुळ करायचा. मिस्त्रींना त्याचं काही नसे.

वाशी या आमच्या तालुक्याच्या गावात स्टँडकडून हायवेला जाताना माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. त्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्रींनी बावीस वर्षं काम केलं. ते मागायचे तो पार्ट मी द्यायचो, आणि माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी मागचं शेड दाखवायचो. असं शेजारपण तुम्हीही कुठं ना कुठं पाहिलं असेल. त्यात मैत्री किती आणि सोय किती, हे वेळ आल्याशिवाय कळत नाही.

एकदा गावातले एक डॉक्टर नवी गाडी घेऊन आले. क्लचचा वास येतो, म्हणाले. मिस्त्री त्यांच्या शेजारी बसून पारगावपर्यंत जाऊन आले आणि उतरून शांतपणे म्हणाले, "गाडीला काय झालं न्हाय. तुमचा डावा पाय क्लचवर झोपतोय, त्याला उठवा." डॉक्टरांना राग आला. पण नंतर त्यांची गाडी दुसऱ्या कुणाकडे गेली नाही.

काम ते उमरग्याला एका उस्तादाच्या हाताखाली शिकले होते. तिकडं निम्मा बाजार कानडी बोलतो. त्यामुळं मराठीत बोलणारे मिस्त्री नट आवळताना मात्र कानडीत मोजायचे. वंदु, एरडु, मूरु. मी विचारलं तर म्हणाले, हाताला ज्या भाषेत शिकवलं त्याच भाषेत त्याला कळतं.

आता ट्रकचं सांगतो.

तेरखेड्याच्या रस्त्याला एका विहिरीजवळ लष्कराच्या लिलावातून आलेला जुना ट्रक पडून होता. चारही चाकांना ताकद असलेला. कुणा ऊसवाल्यानं काळ्या रानातून ऊस ओढायला तो आणला होता आणि मोडल्यावर तिथंच सोडला होता. हौद्याच्या फळ्या कुजून त्यातून वेडी बाभूळ वर आली होती. पुण्याहून एक साहेब आले. डोंगरदऱ्यांतून, रस्ता नसेल तिथून गाड्या नेणाऱ्या हौशी लोकांचा त्यांचा एक गट होता. त्यांना असाच ट्रक हवा होता. मी त्यांना मिस्त्रींकडे आणलं. ही माझीच करामत, आणि तेव्हा मला तिचा फार अभिमान होता.

मिस्त्री ट्रकभोवती दोन फेऱ्या मारून आले. ऐकायला काहीच नव्हतं, इंजिनात उंदरांचं घर होतं. तरी त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. मग कुऱ्हाड मागितली. दुरुस्ती झाड तोडण्यापासून सुरू झाली.

सोळा महिने तो ट्रक शेडमध्ये होता. चेसी उघडी करून गंज खरवडला, तडा गेला होता तिथं पट्टी जोडली. जुनं पेट्रोल इंजिन काढून डिझेलचं बसवलं. पुढच्या धुरीतल्या गिअरचे दात झिजले होते, ते कुठंच मिळेनात, तेव्हा लेथवाल्याजवळ चार दिवस बसून करून घेतले. स्प्रिंगचे पाटे नवे घालून ट्रक वीतभर उचलला. मोठे टायर, पॉवर स्टेअरिंग, चांगले ब्रेक, आणि चिखलात रुतला तर स्वतःला ओढून काढायला पुढं तारेच्या दोराचं चक्र. साहेबांना हौद्यात गाण्यांचे मोठे स्पीकरही हवे होते. मिस्त्री त्यांना म्हणाले, रानात जाऊन घरचीच गाणी ऐकायची असतील तर जाता कशाला? स्पीकर शेवटी पुण्यातच बसले.

त्या सोळा महिन्यांत मिस्त्री बदलले. साठीला आलेला माणूस, पण दुपारची भाकरी ट्रककडे बघत खायचा. मला म्हणाले होते, आयुष्यभर लोकांच्या गाड्या लोकांच्या रस्त्याला लावून दिल्या, ही एकच अशी की तिला रस्ता लागत न्हाय.

फाल्गुनात ट्रक तयार झाला. चढणीवर घालून बघायचा होता. मिस्त्रींची वाडी वाशीपासून दहा-बारा किलोमीटरवर, डोंगराच्या कडेला. वाडीच्या वरच्या उतारावर गावानं श्रमदानातून समतल चर खणले होते. डोंगराला आडव्या, एकाखाली एक अशा लांब खाचा. पावसाचं पाणी त्यात थांबतं, मुरतं, आणि खाली मातीच्या बांधाला हळूहळू येतं. बाया-माणसं दीड महिना राबली होती. त्यात पुढं होत्या मिस्त्रींच्या मंडळी. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. बांध झाल्यापासून वाडीत पहिल्यांदा उन्हाळ्यापर्यंत विहिरीला पाणी राहिलं होतं. उतारावर चराईबंदी केली होती, गवत राखलं होतं.

मिस्त्री आधी सगळी चढण अनवाणी चालून आले. एका ठिकाणी मुरमात टिटवीची अंडी होती, तिथं दगड मांडून खूण केली. मावशी वर उभ्या होत्या. चरावरून चाक गेलं तर मी आडवी पडेन, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. मिस्त्रींनी जाड फळ्या आणल्या होत्या. प्रत्येक चरावर दोन फळ्या टाकायच्या, ट्रक वर घ्यायचा, उतरून फळ्या काढायच्या, पुढच्या चरावर टाकायच्या. एवढीशी चढण, पण सकाळचे दोन तास लागले. मी मोबाइलवर सगळं घेत होतो. ट्रक माथ्यावर पोचला तेव्हा मिस्त्री खाली उतरले आणि उपरण्यानं तोंड पुसायचं निमित्त करून बराच वेळ पुसत राहिले. मावशी हसल्या. त्या दोघांना एकाच गोष्टीवर खूश झालेलं मी त्या दिवशी पाहिलं. पुन्हा पाहिलं नाही.

मी ती चित्रफीत साहेबांना पाठवली. फळ्यांचा भाग कापून. तो कंटाळवाणा होता.

साहेब वेडेच झाले. ट्रक पुण्याला नेला तरी ही चढण कुठली, म्हणून विचारत राहिले. मिस्त्रींनी त्यांना फोनवर सांगितलं की ते गावाचं राखीव रान आहे, पावसात तिथं माणसानंही जपून चालायचं. आणि मला वेगळं सांगितलं, "शेठ, जागा सांगू नका." मी हो म्हणालो.

आषाढात मिस्त्री आणि मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी माकणीला गेले. त्याच आठवड्यात साहेबांचा फोन आला. श्रावणात गटाची सहल काढायची आहे, वीस गाड्या येतील, टायर, ऑइल, दोर सगळं तुमच्याकडूनच घेऊ, फलकावर तुमच्या दुकानाचं नाव टाकू. फक्त ती चढण कळवा. मी चहा पीत होतो. कप खाली न ठेवता मी लोकेशन पाठवलं. मनाला काय सांगितलं तेही आठवतं. मनाला सांगितलं की शहाणी माणसं आहेत, जपून जातील.

वीस गाड्या दोन दिवस त्या उतारावर वर-खाली करत होत्या. सगळ्यात पुढं मिस्त्रींचा ट्रक. ओली माती, मोठे टायर. सरळ वरून खाली ढोपरभर खोल चाकोऱ्या पडल्या, चर जागोजागी बुजले. बांधाच्या सांडव्यातून गाड्या काढायला त्यांनी त्यात दगड लोटले, म्हणजे जास्तीचं पाणी जायची वाटच बंद केली. वाडीतली माणसं अडवायला गेली तर त्यांना पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या वाटल्या.

उत्तरा नक्षत्राचा पाऊस झाला. पाणी चरात थांबलंच नाही, चाकोऱ्यांतून ओढ्यासारखं खाली आलं. सांडवा बंद. बांध मधोमध फुटला. खालच्या पाच-सहा रानांतली माती वाहून गेली, त्यात मिस्त्रींच्या भावाचंही रान होतं. माणूस कुणी गेलं नाही. पण दीड महिन्याचे कष्ट आणि तीन वर्षांत रुजलेलं गवत एका दुपारी गेलं.

मारुतीच्या पारावर गाव बसलं. मिस्त्री आणि मावशी माकणीहून परतले होते, मिस्त्रींना मी शेडवरून मोटारसायकलवर घेऊन गेलो. मी मागं लिंबाखाली उभा राहिलो. लोकांचा राग बरोबर होता. फाल्गुनात सगळ्यांनी मिस्त्रींना ट्रक चढवताना पाहिलं होतं. ट्रक तोच, वाट तीच. स्वतः लेकीकडं जाऊन नामानिराळा राहिला आणि वाट सांगून गेला, असं कुणीतरी म्हणालं. सरपंचांनी सरळ विचारलं, वाट तुम्हीच दाखवली का?

मिस्त्रींनी एकवार मान वर केली. त्यांनी कुणाकडे पाहिलं ते मला सांगता येत नाही, कारण मी खाली बघत होतो. मग म्हणाले, "व्हय. गाडी त्या उतारावर पहिल्यांदा म्याच घातली."

हे खरंच होतं. म्हणून तर मला गप्प बसणं सोपं गेलं. मावशी बायांमधून उठल्या आणि घराकडे चालू लागल्या. मी बोलायला पाहिजे होतं. घशाशी शब्द आले होते असं मी पुढं दोघातिघांना सांगितलं, पण तेही खोटं. शब्द आलेच नव्हते. येत्या आठवड्यात ऑइलचा माल उतरायचा आहे, हे आठवत होतं.

त्यानंतर मिस्त्री रोज सकाळी कुदळ घेऊन उतारावर जाऊ लागले. एकटेच बुजलेले चर उकरायचे. पाच-सहा दिवसांनी गावानं निरोप दिला की तुम्ही हात लावू नका, आमचं आम्ही बघू. मारलं असतं तर त्यांना इतकं लागलं नसतं. घरात मावशी भाकरी वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत. शेडमध्ये आलेलं काम ते करायचे, ट्रॅक्टर, पिकअप. मोजणं मात्र बंद झालं होतं. नुसतेच आवळायचे.

मी त्या काळात त्यांच्याशी फार चांगला वागलो. चहा पाठवायचो, जेवलात का विचारायचो. तुम्ही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचा गोडवा अचानक वाढतो.

दिवाळीनंतर साहेबांनी मला एक मोठा फोटो चौकटीत बसवून पाठवला. ट्रक उतारावर, पुढची दोन चाकं हवेत, चिखल उडालेला. ट्रकला कसल्याशा स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं. मी तो काउंटरच्या मागं लावला. मिस्त्री सहसा शेडमधूनच हाक मारून पार्ट मागायचे, त्यामुळं त्यांना तो दिसणार नाही असा माझा हिशेब होता.

एके दिवशी ते गॅस्केट न्यायला स्वतः आले. फोटोपुढं उभे राहिले. मग काचेवर बोट ठेवून म्हणाले, "हा तिसरा चर. इथं खडक लागला व्हता. आमच्या मंडळींनी चार दिवस फोडला."

मी गॅस्केट काढायला फळीकडं वळलो.

"साहेबांचा फोन आला व्हता मला, तवाच. आभार मानायला. म्हनले, शेठनी लोकेशन पाठवलं म्हणून जमलं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "पारावर बसायच्या आधीपासनं ठावं व्हतं मला. तुमी कवा बोलताय त्याची वाट बघत व्हतो."

मी म्हणालो, मिस्त्री, मी उद्याच वाडीला येतो, सगळ्यांसमोर सांगतो.

"आता नका येऊ. आता सांगितलं तर तुमचं ओझं उतरंल. माझं न्हाय उतरायचं."

त्यांनी गॅस्केट कागदात गुंडाळलं आणि गेले. मी फोटो काढून ठेवला. पण तो त्यांनी पाहिल्यानंतर.

संक्रांत झाल्यावर त्यांनी शेड रिकामं केलं. पान्हे लेथवाल्याला दिले, मला काही दिलं नाही, आणि माकणीला लेकीकडे राहायला गेले. मावशी वाडीतच राहिल्या. माकणीत ते धरणाच्या कडेला जाऊन बसायचे, असं जावयानं सांगितलं. थोरल्या नातवाची तीन चाकी सायकल मोडली तरी दुकानात दुरुस्तीला पाठवली म्हणे. दसऱ्याच्या सुमारास जेवून उठता उठता खाली बसले, ते गेले. मला कळलं तेव्हा तिसरा दिवस उलटून गेला होता. कुणी मुद्दाम कळवलं नव्हतं आणि कळवायचं कारणही नव्हतं.

शेडमध्ये आता मोबाइलच्या काचा बदलणारा बसतो.

चैत्रात वाडीनं पुन्हा श्रमदान काढलं. मी गेलो. मिस्त्रींनी नको म्हटलं होतं, तरी गेलो. ऊन चढायच्या आत माणसं उतारावर आली होती. मावशी लाकडी चौकट घेऊन पातळी बघत होत्या आणि चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर रेघ ओढत होत्या. त्या रेघेवर मागून बाया कुदळी चालवणार होत्या. मी जवळ जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. फोन, लोकेशन, पार, माझं खाली बघणं. हे मिस्त्रींनी कुणाला सांगितलं नाही, हेही. बायांनी हात थांबवले होते. मावशी मात्र रेघ ओढतच राहिल्या. ओढत ओढत माझ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या.

मी वाट बघितली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "बाजूला व्हा. तुमी उभं हाय तिथनं चर जायचाय."